चार बोटं माया

आमच्या मामाला जगातली कुठलीही गोष्ट कापडात गुंडाळून दिल्याशिवाय समजत नाही. कुणाची भागीदारी मोडली की तो म्हणतो, शिवण कच्ची होती. कुणी अखंड बोलत सुटलं की म्हणतो, ह्याला नुसती काजं आहेत, बटणं नाहीत. एकदा हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्रं काढून त्याला बराच वेळ समजावलं. बाहेर आल्यावर मामीने विचारलं, काय म्हणाले? मामा म्हणाला, "नाडी आवळली गेलीय. जरा सैल करायचीय." मामीचा विश्वास बसेना, ती स्वतः आत जाऊन विचारून आली. डॉक्टर म्हणाले, "हो, साधारण तसंच."

मामा शिंपी आहे. लहानपणी इतका बारीक होता की त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या थोरल्या मावशीने, त्याचं नाव 'दोऱ्या' ठेवलं. पुढे मामाला बऱ्यापैकी पोट आलं, टक्कल पडलं, चष्मा लागला, तरी मावशीच्या तोंडी तो दोऱ्याच राहिला. गळ्यात कायम एक कापडी टेप. तो टेप त्याला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादांनी दिलेला. टोकाची पितळी पट्टी घासून घासून आरशासारखी झालेली, आकडे पुसट. मामी म्हणते, "एक वेळ माझा हात सुटेल, पण ह्यांच्या गळ्यातला टेप सुटायचा नाही."

आणि मामाचा आवडता शब्द म्हणजे 'माया'. शिंप्यांच्या बोलीत माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. बाहेरून दिसत नाही. पण उद्या माणूस अंगाने भरला तर शिवण उसवून तेवढं कापड बाहेर काढायचं, आणि तोच कपडा पुन्हा अंगाला बसवायचा. बाकीचे शिंपी दोन बोटं माया सोडतात, मामा चार सोडतो. आता मराठीत प्रेमालाही माया म्हणतात आणि साठवलेल्या पैशालाही मायाच म्हणतात. मामाच्या मते हे तीन अर्थ नाहीतच, एकच आहे. आत असते, दिसत नाही, आणि माणूस वाढला की उपयोगी पडते.

ह्या मामाने उतारवयाच्या उंबरठ्यावर एक दुमजली इमारत विकत घेतली.

हौसेने नव्हे. त्याचं दुकान त्या इमारतीत भाड्याने होतं आणि मालकाने इमारत विकायला काढली. नवा मालक आला की शिंप्याला बाहेर काढणार हे उघड होतं. इमारतीची अवस्था अशी की जिन्यावरून उतरणारा माणूस खाली पोचला की मागे वळून जिन्याचे आभार मानायचा. बँकेने ते सगळं पाहिलं आणि कर्ज दिलं हातरुमालाएवढं. अंगरख्याचं बाकी कापड मामाने घरातून गोळा केलं. त्याची सगळी शिल्लक गेली, मामीची गेली, आणि मग थोरल्या मावशीने निवृत्तीला मिळालेली आपली रक्कम आणून त्याच्या कटिंगच्या टेबलावर ठेवली. मावशी जन्मभर टेलिफोनवर बसून लोकांना "थांबा, जोडून देते" म्हणत आली होती. त्या दिवशीही ती तेवढंच म्हणाली. "तुला कमी पडतंय ना? थांब, जोडून देते. पण वेळेला परत दे, दोऱ्या. माझं मागे दुसरं काही नाही."

मग मामाने त्या इमारतीला तेच केलं जे तो जुन्या कोटाला करतो. जुना कोट टाकायचा नसतो, आतली बाजू बाहेर काढून उलटवायचा असतो. गळतं छप्पर बदललं, मागे पडवी होती तिथे पक्क्या भिंती घातल्या, वरच्या कोठाराचे दोन गाळे केले. जिन्याला कठडा लावला, तेव्हापासून लोक मागे वळून बघेनासे झाले. खाली मामाच्या शेजारी चष्मेवाला आला. वर एका गाळ्यात दातांचे डॉक्टर आले आणि दुसऱ्यात एक जाडजूड गृहस्थ आले, ते जोडप्यांना नाच शिकवतात. त्यांना सगळे पावलंमास्तर म्हणतात. चारही गाळे भरले. मामा रस्त्यापलीकडे उभा राहून आपली इमारत बघायचा आणि म्हणायचा, "काय फिटिंग आलंय." एवढंच की खिशात काही नव्हतं. सगळा पैसा भिंतींत जाऊन बसला होता, आणि भिंत काही सुटे देत नाही.

अशा बहारीच्या दिवसांत थोरली मावशी एकदा पडदे घेऊन दुकानात आली. तिच्या दोन खोल्यांतले, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीचे, पिवळ्या फुलांचे पडदे. मामानेच शिवलेले.

"हे आखूड करून दे," ती म्हणाली. "अर्धे."

मामाने विचारलं, का? तर म्हणे नव्या खोलीची खिडकी लहान आहे. आता मावशी त्या भाड्याच्या दोन खोल्यांत इतकी वर्षं राहत होती की पोस्टमन पत्ता न वाचता तिची पत्रं टाकायचा. मामाने खोदून खोदून विचारल्यावर कळलं ते असं, की तिचा घरमालक वारला आणि मुलांनी घर विकायला काढलं. पहिला मान मावशीचा. महिनाअखेर पैसे भरले तर खोल्या तिच्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार. मावशीने कुणाला काही न सांगता गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी घरातली मागची खोली बघून ठेवली होती. खिडकी पाकिटावरच्या तिकिटाएवढी. मामाकडे पैसे मागायचे तिच्या मनातही आलं नव्हतं, निदान ती तसं म्हणाली. पैसे भिंतीत आहेत हे तिला ठाऊक होतं. "भिंत पाडून देणार आहेस का?" असं म्हणून ती चष्मेवाल्याकडे चष्म्याची दांडी आवळून घ्यायला गेली.

मामा त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तीन बाह्या लावून बसला.

मार्ग दाखवला दातांच्या डॉक्टरांनी. त्यांनी मामाला आपल्या खुर्चीत बसवूनच समजावलं, कारण तिथे समोरच्याला मधे बोलता येत नाही. म्हणाले, इमारत घेतली तेव्हा पडकी होती, म्हणून बँकेने थोडं दिलं. आता ती भाड्याने भरलेली आहे, किंमत वाढलीय. दुसऱ्या बँकेकडून नव्या किमतीवर नवं, मोठं कर्ज घ्या. समजा इमारत आता शंभराची आहे. बँक साठ देईल. जुनं वीस राहिलंय, ते फेडून टाका. चाळीस तुमच्या हातात. इमारत तुमचीच, भाडेकरू तेच, फक्त तुम्ही घातलेला पैसा सुटून बाहेर येतो.

मामाने तोंडातली नळी काढली. "म्हणजे शिवण उसवायची आणि माया काढायची."

डॉक्टर म्हणाले, असेलही.

घरी मामीने आधी विरोध केला. कर्ज फेडायला कर्ज म्हणजे ठिगळाला ठिगळ, असं तिचं म्हणणं. मामा म्हणाला, ठिगळ बाहेरून लावतात, हे आतलंच कापड आहे. मामी म्हणाली, गहाण ते गहाण, त्याला लेस लावली म्हणून झालर होत नाही. शेवटी दोघं हिशेबाला बसली. नवा हप्ता मोठा येणार होता, पण तिन्ही गाळ्यांच्या भाड्यात तो भागत होता आणि वर चहापुरतं उरत होतं. मामीने पेन्सिल खाली ठेवली. "ठीक आहे. पण पावलंमास्तर पळाले तर हप्त्यासाठी तुम्ही नाचायचं."

बँकेच्या अर्जात प्रत्येक गाळ्याची लांबी-रुंदी विचारली होती. खरेदीच्या कागदांत जुनं कोठार आणि जुनी पडवी होती, नव्या भिंती नव्हत्या. मामा म्हणाला, त्यात काय, जन्मभर मापंच घेतोय. मग त्याने गळ्यातला टेप काढला. पाच फुटी टेपाने दुमजली इमारत मोजायची म्हणजे गांडुळाने हत्तीला मिठी मारण्यासारखं. एक टोक मामीच्या हातात, दुसरं मामाच्या. खडूची खूण, पुढे सरका, पुन्हा खूण. दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटच्या खुर्चीखालून रांगत गेले. पावलंमास्तरांच्या क्लासात तर चार जोडपी गिरक्या घेत होती आणि मामा-मामी टेप धरून त्यांच्या मधून वाट काढत होती. एका नव्या जोडप्याला वाटलं हाही नाचच आहे. ती दोघं त्यांच्या मागोमाग खिडकीपर्यंत वाकून गेली.

आकडे बँकेत गेले. तिथल्या तरुण साहेबाने जागा, भाडी, सगळं गुणून भागून एक कच्चा आकडा सांगितला. जुनं कर्ज फेडून जे उरत होतं ते मावशीच्या रकमेपेक्षा कमी भरत होतं. फार नाही, पण कमी.

"कंबर बसली," मामा घरी येऊन म्हणाला, "पण बटण लागत नाही."

साहेब एवढंच म्हणाला होता की पक्का आकडा आमच्या बाई जागा बघून ठरवतील. वाढू शकतो, घटूही शकतो. त्या गुरुवारी येतील, माप घ्यायला.

आता हा निरोप मामाने मामीला दिला, मामीने चष्मेवाल्याला, आणि चष्मेवाल्याने पुन्हा सैल झालेली दांडी आवळताना थोरल्या मावशीला. तोवर त्याचं 'बँकेची बाई मापं काढायला येणारे' असं झालं होतं. मावशीच्या पिढीत मापं काढणं म्हणजे चारचौघांत अब्रू काढणं. आपल्या दोऱ्याची कुणी परकी बाई त्याच्याच दुकानात येऊन मापं काढणार, आणि तेही आपल्या पैशांपायी, हे ऐकून मावशीने ठेवणीतले कपडे घातले, छत्री घेतली आणि गुरुवारी सकाळी दुकानात सगळ्यांच्या आधी येऊन बसली. आभाळ स्वच्छ होतं. छत्री कशाला, असं विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

इमारत तर लग्नाला निघाल्यासारखी सजली होती. पावलंमास्तरांना मामाने विनवलं होतं की आज जरा हळू, वरून चुना पडतो. म्हणून सगळी जोडपी मोज्यांवर, श्वास रोखून, गाणं न लावता नाचत होती. दातांच्या डॉक्टरांनी ओरडणारे पेशंट शुक्रवारवर ढकलले होते. चष्मेवाल्याने आरसे इतके पुसले की एक गिऱ्हाईक नमस्कार करून स्वतःलाच वाट देत राहिलं.

बाई आल्या. ठेंगणी मूर्ती, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर कुठलाच भाव नाही. मावशीने छत्री मांडीवर आडवी घेतली. बाईंनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं, भिंतीला टेकवलं, बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला. मामा मांजरासारखा त्या ठिपक्याकडे बघत राहिला. बाईंनी आकडा वाचला आणि लिहिला.

"चूक," मामा म्हणाला.

चष्मेवाल्याचं फडकं आरशावरच थांबलं. वरचे मोजेसुद्धा थांबले असावेत.

बाईंनी पुन्हा बटण दाबलं. तोच आकडा. मामा म्हणाला, एवढी लांब नाही ही खोली, मी स्वतः मोजलीय. बाई म्हणाल्या, यंत्र चुकत नाही. मामा म्हणाला, यंत्र कालचं आहे, टेप माझ्या उस्तादांचा आहे. मामीने त्याला मागून असा चिमटा काढला की त्याच्या सदऱ्याची माया सुटली असेल. खोली जास्त भरली तर आपलाच फायदा, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, चष्मेवाल्याच्या दारातल्या गिऱ्हाइकाला सुद्धा. कळत नव्हतं ते फक्त मामाला, कारण प्रश्न आता पैशांचा नव्हता, मापाचा होता. त्याने टेप काढला आणि गुडघ्यावर बसून खोली पुन्हा मोजली. जुनाच आकडा आला. बाईंनी यंत्राने पुन्हा मोजली. त्यांचाही जुनाच आला.

"मी इतकी वर्षं हे काम करतेय," बाई म्हणाल्या, "आपली जागा लहान आहे म्हणून भांडणारा मालक आज पहिल्यांदा पाहिला."

मग त्यांनी पिशवीतून पोलादी पट्टीचा टेप काढला, कटिंगच्या टेबलावर मामाच्या टेपाशेजारी अंथरला, आणि दोन्हींची सुरुवात एकत्र धरली. मामाचा टेप जिथे साठ म्हणत होता, तिथे पोलादी टेप त्रेसष्ट म्हणत होता. मामा वाकून बघत राहिला. मग त्याने साठ आणि त्रेसष्टच्या मधल्या जागेवर हाताची बोटं ठेवून पाहिली. नीट चार बोटं बसली.

उस्तादांचा टेप ताणला गेला होता. गळ्यात लोंबून, हातांनी ओढून, कधी कुणास ठाऊक, रोज केसभर.

मामा कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. त्याचा चेहरा पाहून बाईंनीसुद्धा यंत्र खाली ठेवलं. आजवर शिवलेला प्रत्येक कोट, प्रत्येक पायजमा त्याच्या डोळ्यांपुढून चालला असणार. "म्हणजे मी जन्मभर खोटं शिवलं," तो म्हणाला.

तेव्हा थोरली मावशी उठली. छत्री तिने बाईंकडे धरायला दिली, बाईंनी ती मुकाट्याने धरली.

"दोऱ्या, अंग कशाने मोजलंस?"

"ह्यानेच."

"आणि कापड?"

"ह्यानेच."

"मग कुणाचं काय बिघडलं? खोटा आहे, पण दोन्हीकडे सारखा खोटा आहे. आजवर एकाचा तरी कपडा परत आला का?"

मामाने विचार केला. एकाचाही आला नव्हता. ह्या टेपाने फक्त शिवायचं होतं. बँकेत पाठवायचं नव्हतं.

इतक्यात चष्मेवाल्याने दारातून बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे माझी कंबर चौतीस नाही?"

आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. कारण तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की मामाने वर्षानुवर्षं साऱ्या गावाची कंबर दीड-दोन इंच बारीक ठेवली होती. उगीच नव्हती गिऱ्हाइकं त्याच्याकडे येत. मामी गठ्ठ्याला धरून हसत होती. डॉक्टर जिन्यात येऊन काय झालं विचारत होते आणि त्यांच्यामागे एक पेशंट अर्ध्या बधिर तोंडाने, एका बाजूनेच हसत होता. वर पावलंमास्तरांना वाटलं तपासणी संपली, त्यांनी गाणं लावलं. चार जोडप्यांनी बूट घालून पहिलं पाऊल टाकलं आणि छतावरून चुन्याचा एक पापुद्रा अलगद येऊन बाईंच्या हातातल्या छत्रीवर पडला. ती त्यांनी नकळत उघडली होती.

बाईंनी चुना झटकला, चारही गाळे मोजले आणि यंत्राने सांगितलं तेच लिहिलं. जाताना त्यांनी मामाला हळूच विचारलं, बायकांचे कोट शिवता का, आणि माप कुठल्या टेपाने घेता?

पक्का आकडा आला तेव्हा बटण लागलं. वर एका काजाएवढं उरलंसुद्धा. मामा मामीला म्हणाला, "बघ, उस्तादांच्या टेपानेही चार बोटं माया सोडली होती." नव्या बँकेने जुन्या बँकेला फेडलं आणि उरलेलं मामाच्या हातात दिलं. त्याने ते तसंच नेऊन मावशीपुढे ठेवलं. मावशीने मोजून घेतलं. भावाचे असले तरी पैसे मोजूनच घ्यावेत, ह्याबद्दल तिचं मत फार पूर्वीपासून पक्कं आहे. महिना संपायच्या आत दोन्ही खोल्या तिच्या नावावर झाल्या.

मामाने आता एक नवा टेप आणलाय, पण तो बँकेसाठी. लोकांची मापं जुन्याच टेपाने घेतो. एकदा नव्याने घेऊन पाहिली, तर चष्मेवाला दोन दिवस बोलला नाही.

आणि ते पडदे. कागदपत्रं झाली त्या दुपारी मामा ते घेऊन मावशीकडे गेला आणि स्टुलावर चढून मोठ्या खिडकीला अडकवले. पडदे अर्ध्या खिडकीत लटकत होते, वाढत्या वयाच्या मुलाच्या विजारीसारखे. मावशी बघत राहिली. म्हणाली, "राहू दे. अर्धा तर अर्धा, खिडकी माझी आहे."

मामाने वाकून खालच्या काठाशी एक दोरा शोधला आणि ओढला. धावदोरा होता, कच्चा. सरसर सुटत गेला आणि आत दुमडलेलं सगळं कापड सळकन खाली आलं. पिवळी फुलं जमिनीपर्यंत पोचली.

"कापलं नव्हतंस?" मावशीने विचारलं.

"तू आखूड कर म्हणालीस. काप म्हणाली नव्हतीस."

मावशीने पडद्याला हात लावला, सारखा केला, पुन्हा बिघडवला, पुन्हा सारखा केला. मग नाक ओढून म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, दोऱ्या. पण माझ्या पैशांच्या व्याजाचं काय?"

मामा स्टुलावरून उतरला, दोऱ्याची गुंडाळी करून त्याने खिशात टाकली.

"पडद्यांची शिलाई वळती करून घे," तो म्हणाला.